पंधरा लिटरचा हंडा

मंडळी, आज सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझ्या पर्सच्या चोरकप्प्यात तीन जिमची कार्डं आहेत. तिन्ही वार्षिक सभासदत्वाची. आणि तिन्ही मिळून मी जिममध्ये प्रत्यक्ष गेले ते दिवस, मोजून, सव्वीस! तेवढ्या पैशात गोव्याला जाऊन आले असते, येताना किलोभर काजूही आणले असते.

प्रत्येक वेळची गोष्ट तीच. पहिला आठवडा : नवे शूज, नवी बाटली, नवा उत्साह. दुसरा आठवडा : जिना उतरताना प्रत्येक पायरीला ‘आई गं’. तिसरा आठवडा : ऑफिसात प्रेझेंटेशन. चौथा आठवडा : ‘सोमवारपासून नक्की!’ हा सोमवार कुठल्याच कॅलेंडरमध्ये सापडत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मग मैत्रिणींमध्ये बसून एक ठेवणीतलं वाक्य टाकायचं, ‘वेळ आहे गं, पण मोटिव्हेशनच नाही.’ सगळ्या जणी माना डोलावतात. कॉफी येते. विषय संपतो.

माझा विषय मात्र गेल्या मे महिन्यात संपला नाही, सुरू झाला. आणि तोही जिममध्ये नाही. जामसरमध्ये.

हे जामसर कुठं आलं?

पालघर जिल्ह्यात, जव्हार तालुक्यात. मुंबईहून निघालात तर मनोरला हायवे सोडायचा, विक्रमगड मागे टाकायचं, वळणं घेत जव्हार गाठायचं आणि तिथून पुढे. आपल्यापैकी अनेकांना जव्हार माहीत असतं ते पावसाळ्यातलं. दाभोसाचा धबधबा, मुकणे राजांचा जयविलास पॅलेस, धुक्यातले फोटो, गरम भजी. मे महिन्यात तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. मी गेले, कारण माझी हॉस्टेलची रूममेट तिथं शाळेत शिकवते आणि दोन वर्षं ‘येते गं, येते गं’ म्हणून मी तिला टांग देत होते.

मे महिन्यातलं ते जव्हार मी पहिल्यांदाच पाहिलं. पावसाळ्यात जिथं आभाळ फाटतं, त्याच भागात एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. उतार असा की पाणी धावत खाली निघून जातं, आणि जमिनीखालचा काळा कातळ ते फारसं धरून ठेवत नाही. त्यामुळे चार महिने पाणीच पाणी आणि नंतर पाण्यासाठी पायपीट. जव्हार-मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळा म्हणजे टँकरची वाट बघणं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैत्रिणीच्या शेजारची मावशी पाण्याला निघाली. मीही मागोमाग. हेतू अगदी उदात्त वगैरे नव्हता हं! मोबाइल हातात होता, उजेड सुंदर पडला होता, रील छान झालं असतं.

विहिरीच्या तळाशी पाणी पाझरत होतं. ते साठायची वाट बघत, थोडं थोडं करून हंडे भरायचे. बायका नंबर लावून बसलेल्या. मावशीचे दोन हंडे आणि एक कळशी भरायला बराच वेळ गेला. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, एक हंडा चढवला, त्यावर दुसरा ठेवायला ती वाकणार, एवढ्यात मी पुढे झाले.

‘थांब मावशी, हा मी घेते ना!’

हंडा पंधरा लिटरचा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे पंधरा किलो पाणी, वर हंड्याचं वजन वेगळं. मी वाकले. काठाला धरलं. गुडघ्यापर्यंत आणला. मग कमरेत एक चमक आली, बोटं सटकली आणि अर्धा हंडा माझ्या महागड्या स्नीकर्सवर.

कुणी हसलं नाही. मला वाटतं, हसले असते तर बरं झालं असतं. मे महिन्यात सांडलेल्या अर्ध्या हंड्यावर कुणी हसत नाही. मावशीनं डोक्यावरचा हंडा खाली उतरवला, सांडलेला उचलला आणि पुन्हा नंबर लावला. जाता जाता फक्त एवढंच म्हणाली, ‘राहू दे ताई. तुला सवय नाय.’

चाकं लावलेलं आयुष्य

त्या रात्री मला झोप आली नाही. कंबर दुखत होती हे एक, आणि डोक्यात आकडे फिरत होते हे दुसरं. पंधरा किलो म्हणजे किती? तर देशांतर्गत विमानात आपण जी चेक-इन बॅग देतो, साधारण तेवढं. ती बॅग मी वर्षातून चार वेळा नेते. पण तिला चाकं असतात! मग वाटलं, माझ्या सगळ्याच आयुष्याला कुणीतरी चाकं लावून दिली आहेत. ऑफिसच्या खुर्चीला चाकं, सुपरमार्केटच्या टोपलीला चाकं, गॅसचं सिलिंडर डिलिव्हरीवाला थेट ओट्याखाली लावून देतो, आणि किराणा दहा मिनिटांत दारात. वय वर्षं एकतीस, वजन अठ्ठावन्न किलो, आणि स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याचीही वस्तू मला जमिनीवरून उचलता येत नाही.

मग मी मैत्रिणीला म्हटलं, ‘काय फिट आहेत गं इथल्या बायका! यांना जिमची काही गरजच नाही.’

ती एकदम भडकली. ‘फिट? अगं, तिची मान रात्री वळत नाही. विचार तिला.’

सकाळी विचारलं. मावशीनं पदर बाजूला करून मानेवर हात ठेवला. इथून इथपर्यंत कळा येतात म्हणाली. मग दुखतं तेव्हा एखाद दिवस नाही गेलं तर? या प्रश्नावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला प्रश्न परत घ्यावासा वाटला. ‘पाण्याला सुट्टी कुठं असते?’

इथं एक गंमत सांगते, आणि तिची दुसरी बाजूही. १९८६ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचं एक संशोधन आलं होतं. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचं ओझं डोक्याच्या आधारानं घेऊन चालताना त्यांना जास्तीची ऊर्जा जवळजवळ लागतच नव्हती. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांच्या चालीतच ते कसब उतरलं होतं. वाचायला किती छान वाटतं! पण मावशीचे दोन हंडे आणि कळशी पाचव्या हिश्श्याच्या किती पलीकडे जातात, ते तुम्हीच बघा. आणि २०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपो प्रांतात पाणी वाहणाऱ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा मान आणि पाठदुखीच्याच तक्रारी भरपूर निघाल्या. कसब असलं म्हणून मणका वेगळा मिळत नाही.

मेहनत, खुराक, आराम

मग एवढं ओझं उचलून मावशीची ताकद वाढत का नाही? आणि उचललंच नाही म्हणून माझी घटते का? या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे, आणि ते कोल्हापूरच्या तालमीतला कुठलाही पोरगा सांगेल. शाहू महाराजांनी ज्या शहरात पैलवानांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं, तिथं ताकदीचा विषय निघाला की तीन शब्द येतातच : मेहनत, खुराक, आराम. नुसत्या मेहनतीला तिथं कुणी व्यायाम म्हणत नाही.

विज्ञानही तेच सांगतं. वजन उचलताना स्नायू बळकट होत नाहीत, उलट थकतात, त्यांच्यावर ताण येतो. बळकट होतात ते नंतर, तुम्ही जेवता आणि झोपता तेव्हा. शरीर त्या स्नायूंची डागडुजी करतं आणि करताना पूर्वीपेक्षा थोडं जास्त मजबूत बांधतं. त्यासाठी प्रोटीन लागतं आणि मधे एक-दोन दिवसांची उसंत लागते.

आता हिशेब मांडा. माझ्याकडे खुराक आहे (जरा जास्तच!), आराम आहे (एसीत, दिवसाचे नऊ तास), मेहनत शून्य. मावशीकडे मेहनत डोंगराएवढी, आराम नाही आणि खुराक बेताचा. याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणानं लहान मुलांचे जीव गेले आणि सगळा महाराष्ट्र हादरला होता, हे आपल्या पिढीतल्या अनेकांना ठाऊकही नसेल. इथल्या उतारांवर पिकणारी नागली, म्हणजे आपली नाचणी, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देते. ती शहरात ‘सुपरफूड’ म्हणून चकचकीत पाकिटात मिळते. पिकवणारीला मात्र पोटभर आणि चौरस जेवण मिळेलच असं नाही.

तेव्हा ‘गावाकडचं आयुष्य हेच खरं जिम’ असं लिहिलेली पोस्ट दिसली तर कृपया लाइक करू नका. मी यापुढे करणार नाही.

पण परत येताना गाडीत एक विचार पक्का झाला. ज्या बाईला तीनपैकी दोन गोष्टी मिळत नाहीत, ती रोज उठून तिसरी करते. आणि ज्या बाईकडे दोन गोष्टी आयत्या आहेत, ती तिसरी करायला ‘मोटिव्हेशन’ शोधतेय! मला स्वतःची लाज वाटली, हे खरं. लाजेवर व्यायाम फार दिवस चालत नाही, हेही खरं. म्हणून घरी आल्यावर मी निराळंच काहीतरी केलं.

दोन बादल्या, एक वही

चौथं कार्ड काढलं नाही. दोन बादल्या घेतल्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात त्या, आत लिटरच्या खुणा असलेल्या. आणि एक वही. दिवस ठरवले मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात. फक्त दोनच दिवस? होय, दोनच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मोठ्या माणसांसाठी जी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यात स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्यातून किमान दोन दिवसच सांगितले आहेत. (चालणं-पळणं वेगळं, ते धरून हे.) माझ्या आधीच्या तिन्ही कार्डांच्या वेळी मी ‘आठवड्यातून सहा दिवस’ ठरवलं होतं. सहाचं दोन होत नाही, सहाचं थेट शून्य होतं!

पहिल्या मंगळवारी प्रत्येक बादलीत पाच लिटर पाणी घेतलं आणि बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. जिमवाले यालाच फार्मर्स वॉक म्हणतात आणि त्यासाठी खास दांडे विकतात. तिसऱ्या फेरीला समोरच्या काकूंचं दार उघडलं. ‘काय गं, नळाला पाणी नाही का आलं?’ आता काय सांगणार? ‘आलंय काकू, फिरवून आणतेय,’ म्हटलं. (काळजी नको, ते पाणी नंतर झाडांना आणि फरशीला जातं. जामसरहून आल्यावर पाणी ओतून द्यायची हिंमत उरलेली नाही.)

बादल्यांखेरीज आणखी चार प्रकार. पाच किलोची आट्याची पिशवी छातीशी धरून खुर्चीवरून उठायचं-बसायचं. ओट्याच्या काठाला हात टेकून जोर काढायचे, कारण जमिनीवरचे मला एकही जमत नव्हते. लॅपटॉपच्या बॅगेत पुस्तकं भरून, एक हात टेबलावर टेकवून ती दुसऱ्या हाताने कमरेकडे ओढायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बादली जमिनीवरून उचलायची. हंडा सांडला तेव्हा माझं काय चुकलं होतं, ते इथं कळलं. मी पाठीचा धनुष्यासारखा बाक काढून, हंडा शरीरापासून लांब ठेवून उचलत होते. वजन पायांच्या अगदी जवळ हवं, नितंब मागे जायला हवेत, पाठ सरळ हवी आणि जोर पायांतून यायला हवा. श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा. हे मी ओळखीच्या एका ट्रेनरकडून दोन सेशन घेऊन नीट शिकून घेतलं. व्हिडिओ बघून आपली पाठ आपल्याला दिसत नाही. तुम्हीही एवढा खर्च जरूर करा.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, असे तीन राउंड. आणखी दोन वेळा जमेल असं वाटत असतानाच थांबायचं. सगळं मिळून पस्तीस मिनिटं. मग वहीत लिहायचं : तारीख, किती लिटर, किती वेळा. बस.

एक लिटरची भाषा

वहीचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. तर वजन वाढवायचं, पण अगदी थोडं. हप्त्या-दोन हप्त्यांनी एक लिटर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म नावाचे एक अमेरिकी लष्करी डॉक्टर होते. जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांना जड वजनं द्यायला तेव्हाचे डॉक्टर घाबरायचे. यांनी दिली, पण मोजून, पायरी-पायरीनं वाढवत. सैनिक भराभर सुधारले आणि १९४५ साली त्यांनी ही पद्धत छापून प्रसिद्ध केली. आज जगभरातल्या जिममध्ये ‘दहा-दहाचे तीन सेट’ म्हणतात, त्याचं मूळ बऱ्याच अंशी त्यांच्या कामात आहे. म्हणजे हे पैलवानांचं गुपित नाही, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना उठवण्यासाठी बसवलेली पद्धत आहे. आपण तर काय, फक्त खुर्चीला खिळलेले आहोत!

आणि उशीर झालाय असं वाटत असेल तर हे ऐका. १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीत!

दुसरी एक गोष्ट कुणीतरी मला आधी सांगायला हवी होती. पहिल्या महिन्यात आरशात काहीही बदलत नाही. ताकद मात्र वाढते. कारण सुरुवातीला बदल होतो तो मुख्यतः मेंदू आणि स्नायू यांच्या संवादात; आहेत तेच स्नायू जास्त चांगले कामाला लागतात. हे १९७९ पासून संशोधकांना माहीत आहे. स्नायू जाड व्हायला त्यानंतर वेळ लागतो. मी तिन्ही वेळा आरसा बघत बसले आणि महिन्याभरात ‘काही फरक पडत नाही’ म्हणून सोडलं. या वेळी आरशाऐवजी वही बघितली. पाच लिटर, सहा लिटर, सात लिटर. वहीत फरक दिसत होता.

मैत्रिणींनो, ‘दंड फुगतील का गं?’ हा प्रश्न मलाही सतावत होता. नाही फुगत. आठवड्यातून दोन दिवस बादल्या उचलून कुणी पैलवान झालेलं नाही. तसं शरीर कमवायला वर्षानुवर्षांचा जड व्यायाम आणि खुराक लागतो. उलट हाडांची जी काही कमाल मजबुती असते ती तिशीच्या आसपास गाठून होते आणि पुढे फक्त ती टिकवायची असते. ते काम वजनी व्यायाम करतो.

खुराकाचं म्हणाल तर डबे, पावडरी काही नाही. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे साधारण माणसाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं; व्यायाम करणाऱ्याला त्याहून थोडं जास्त. मी माझा दिवस लिहून काढला तर चहा-बिस्किट, पोहे, पावभाजी... त्यात प्रोटीन शोधायला दुर्बीण लागली असती! आता सकाळी दोन अंडी (एकात साधारण सहा ग्रॅम), डब्यात उसळ, संध्याकाळी दही किंवा चणे. शुक्रवारची पावभाजी चालू आहे. उगाच खोटं कशाला सांगू?

दांडी मारली तर?

मारली. ऑगस्टमध्ये तापाने दहा दिवस झोपले. सप्टेंबरमध्ये क्वार्टर-एंडला सलग तीन शुक्रवार बुडाले. दिवाळीत तर विचारूच नका. पूर्वीची मी असते तर पहिल्या दांडीलाच खेळ खल्लास. ‘तुटलं ना एकदा, आता नव्या वर्षापासून!’

या वेळी एक माहिती कामाला आली. लंडनमध्ये शहाण्णव जणांवर एक अभ्यास झाला होता, २०१० साली छापून आलेला. नवी सवय अंगवळणी पडायला त्यांना सरासरी सहासष्ट दिवस लागले. कुणाला अठरा पुरले, कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांवर गेला. ‘एकवीस दिवसांत सवय’ हे जे आपण सगळीकडे वाचतो, ते विसरा. पण माझ्या कामाची गोष्ट पुढेच होती : मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे दांडीनं काही बिघडत नाही, दांडीनंतरच्या रुसव्यानं बिघडतं. तापातून उठल्यावर मी तीन लिटर कमी केले आणि पुन्हा सुरू केलं. पाचवरून पंधरावर जायला कागदावर दहा आठवडे लागायला हवे होते. मला लागले सत्तावीस. सो व्हॉट?

आणि मोटिव्हेशन? त्याचं असं झालं, की मी त्याची वाट बघणं सोडून दिलं. मावशी पहाटे उठते तेव्हा ‘आज मूड आहे का’ असं स्वतःला विचारत नाही. तिला विचारायची सोयच नाही, आणि ते काही कौतुक करण्यासारखं नाही. मला ती सोय आहे, म्हणून मला तेवढा एकच प्रश्न स्वतःला न विचारायची व्यवस्था करावी लागली. वार ठरलेला, वेळ ठरलेली, बादल्या रात्रीच भरून दाराशी ठेवलेल्या. अगदीच जिवावर आलं तर फक्त एक राउंड करायचा, दहा मिनिटं, आणि वहीत तसं लिहायचं. गंमत म्हणजे एक राउंड झाल्यावर बहुतेक वेळा दुसरा होतोच. उत्साह आला तर तो सुरू केल्यावर येतो. आधी कधी आला नाही.

डिसेंबरमध्ये आईकडे गेले तेव्हा माळ्यावरून तिचा जुना तांब्याचा हंडा काढून आणला. बादलीला कडी असते, हंड्याला नसते, हे मी विसरले नव्हते. आईनं विचारलं, ‘शोपीस म्हणून ठेवणार आहेस का?’ ‘नाही, उचलणार आहे,’ म्हटलं. आई काही बोलली नाही. तिला सवय आहे.

पुन्हा जामसर

जानेवारीतल्या एका शनिवारी पुन्हा गेले. थंडी मस्त होती, विहिरीला अजून बऱ्यापैकी पाणी होतं. मावशीबरोबर निघाले, मोबाइल मैत्रिणीच्या घरीच ठेवून. हंडा भरल्यावर मी विचारलं, ‘घेऊ?’ ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘घे.’

वाकले. पाठ सरळ, हंडा पायांशी. उचलला. कमरेवर घेतला आणि मधे दोनदा थांबत तिच्या घरापर्यंत नेला. डोक्यावर घ्यायचा मी प्रयत्नही केला नाही, ते तिचं कसब आहे. दारात हंडा टेकवला तेव्हा माझे हात थरथरत होते, पण एक थेंब सांडला नव्हता. खरं सांगते, कुठल्याही अप्रेझलला एवढा आनंद झाला नव्हता.

मावशीनं हंड्यात डोकावून पाहिलं. ‘बरा आणलास गं,’ म्हणाली. ‘उद्या पण येशील?’

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘उद्या नाही मावशी. उद्या माझा आरामाचा दिवस आहे.’

बोलून गेले आणि जीभ चावली. ती मात्र हसली, अगदी मनापासून. आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांघरुणात होते तेव्हा बाहेर हंड्यांचा आवाज आला. मी उठले आणि कळशी घेऊन तिच्यामागे गेले. वहीत त्या दिवसाचं काही लिहिलं नाही.

या आठवड्यात एवढंच करा

* दोन वार ठरवा, मधे निदान एक दिवस मोकळा ठेवा. मोबाइलमध्ये मीटिंगसारखी नोंद करा.
* उठणं-बसणं, ढकलणं, ओढणं, जमिनीवरून उचलणं, वजन घेऊन चालणं : हे पाच प्रकार पुरे आहेत. पहिले दोन आठवडे हास्यास्पद वाटेल इतकं हलकं वजन घ्या.
* वही घाला. लिहिल्याशिवाय व्यायाम झाला असं धरायचं नाही.
* पाठीचं जुनं दुखणं, ब्लडप्रेशर, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. स्नायू दुखणं वेगळं आणि सांध्यात चमक येणं वेगळं. चमक आली की थांबा.
* झोप सात तास. मेहनत केलीत तर आराम तुमचा हक्काचा आहे. तो सगळ्यांना मिळत नाही, म्हणून वाया घालवू नका.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. उद्या मंगळवार आहे आणि बादल्या अजून भरायच्यात!